छाट

वाचनालयानं निर्लेखित केलेल्या ढिगात
वरून तिसरं होतं ते.
कण्याला वाळवीची नागमोडी वाट,
पहिल्या पानावर शरणपूरच्या कुणा मिशनबाईची जांभळी सही,
खाली छापलेलं नाव : अडेला व्हिटकम.
रद्दीचा भाव बारा रुपये किलो.
मी वीस दिले, पावती घेतली नाही.

शनिवारी सीबीएसवरून सिन्नरची एसटी धरली.
मोहदरीच्या घाटात गाडी पहिल्या गिअरवर रडत होती
तेव्हा कळलं, ही बाई सिगारच्या कारखान्यात
नाव बदलून कामाला लागली होती.
बाप पेनसिल्व्हानियातला वकील, घरात पियानो,
आणि ही तळघरात, डोक्याला फडकं बांधून
तंबाखूच्या पानाची शीर ओढायला शिकतेय.
साल एकोणीसशे सात.
मग कादंबरी. मग भाषणं, अर्ज, कायद्याचे मसुदे,
पोरांना रात्रपाळी नको म्हणून गव्हर्नरच्या पायरीवर ठाण,
एका रात्रीची कोठडी.
मग कुणी छापेना.
हे सगळं भाचीच्या प्रस्तावनेत, दीड पानात.
घाट संपायच्या आत आयुष्य संपलं.

आईच्या पडवीत पाचजणी बसतात.
मांडीवर सूप, सुपात ओली पानं, कात्री, पत्र्याचं माप.
हजार भरल्याशिवाय मान वर होत नाही.
मी उंबऱ्यावर बसले आणि वाचत सुटले,
इंग्रजीतून उचलून तिथल्या तिथं मराठीत ठेवत,
अडलं तिथं खोकून.

कौसाबाई म्हणाली, किती दिस होती ती तिथं?
अकरा आठवडे.
मग पाहुणीच की.
नरसव्वा मेरगूनं विचारलं, छाट किती काढायचा तिचा मुकादम?
पुस्तकात होतं ते. शंभरात बारा.
आमच्यावाणीच, म्हणाली, आणि दोरा तोडला.
त्यानंतर जरा जागा करून दिली तिला,
सुपांच्या मधे, भिंतीला टेकून बसण्याइतकी.

दिवेलागणीला शेवटचं प्रकरण आलं.
संपातली रोझा. मालकाचा पुतण्या.
चर्चमध्ये पांढरी फुलं.
कात्र्या थांबल्या. पाचही.
"आणि भाव? हजारी किती वाढला?"
मी पुढं पाहिलं, मागं पाहिलं.
फुलांचे सात प्रकार होते. भाव नव्हता.
"छाट," आई म्हणाली,
सैल विडी दोन बोटांनी बाजूला टाकतात तशी.

मला राग आला, अडेलाबाईंच्या वतीनं.
लग्न प्रकाशकानं मागितलं होतं, भाचीनं लिहिलंय,
आत्यानं ते प्रकरण पुन्हा कधी उघडलं नाही.
पण हे सांगून काय होणार होतं?
आईच्या छाट विड्यांनाही कारणं असतात.
पान सुकं निघतं, डोळा दुखतो, लाइट जाते.
मुकादम कारण मोजत नाही.

म्हणून मी डायरीतला तुकडा काढला, प्रस्तावनेतला,
चार ओळींचा :
कारखाना सोडून चाळीस दिवस झाले.
लिंबू चोळलं, राख चोळली.
पाव तोंडाशी नेला की अजून
आधी तंबाखूच येते.

कुणी बोललं नाही.
सगुणानं नकळत तळवा नाकाशी नेला
आणि पाहिलं कुणी म्हणून पदराला पुसला.
मग कौसाबाई, सुपाकडं बघत :
"माझ्या नातवानं भाकरी परत केली मागं.
पुन्हा वाच. ते चाळीस दिसाचं."
मी वाचलं.
पुन्हा.
तिसऱ्यांदा नरसव्वानं ते मनातल्या मनात
तेलुगूत नेलं असावं, ओठ हलत होते.

पुस्तक तिथंच ठेवलं.
आईनं लग्नाची अकरा पानं हलकेच सोडवली,
पानगळ व्हावी इतक्या सहज,
आणि कट्ट्यांच्या खाली अंथरली.
बाकीचं कपाटात, रेशनकार्डाजवळ.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी.
बारा वर्षं झाली मला सूप सोडून,
नोकरीत कायम होऊन, हातमोजे घालून धूळ झटकत.
कंडक्टरला सुटे पैसे दिले.
त्यानं ते मोजले, थोडा वाकला, हळूच म्हणाला,
ताई, चिमूटभर तंबाखू असंल का?